उणे सात, कोरडी हवा

नोंदवहीत आधी हवा लिहायची:
उणे सात, कोरडी, वारा नावापुरता.
मग मूल.
ओक्को. चार वर्षं नऊ महिने, सतरा किलो,
उजव्या मोज्याला भोक.
निळा पंप कालपासून बंद ठेवलाय ना?
हो, म्हणाली आई.
रात्री झोपलात?
तो झोपला, म्हणाली आई.

नळी तोंडात, चिमटा नाकावर.
हेन्रिका मागून त्याचे गाल धरते दोन्ही तळव्यांनी.
घट्ट, पण चुरगळायचे नाहीत.
सोडले तर यंत्राचे ठोके गालांतच जिरतात,
आतपर्यंत जातच नाहीत.
टक टक टक टक.
या वयाला सांगून फुंकर मारता येत नाही,
म्हणून तू आपला रोजचा श्वास घे, राजा,
दार यंत्र वाजवेल.
"आत कोण राहतं?"
त्यानं विचारलं, नळी तोंडात असतानाच.
सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग बाहेर.
पट्टा त्याच्या छातीला, आकडा माझ्या मनगटावर.
इस्पितळामागची वाट, दोन्हीकडे फावड्यानं रचलेलं बर्फ,
झाडांपलीकडे गोठलेलं काल्लावेसी.
धाव म्हटलं की मुलं धावत नाहीत,
मुलं कशाच्या तरी मागं धावतात.
म्हणून निवृत्तीला चौदा महिने उरलेली मी
कोल्हा होते.
रुग्णवाहिकेचा चालक सिगारेट खाली करून बघतो.
बघू दे.
एकशे चाळीस. एकशे साठ. एकशे अठ्ठ्याहत्तर.
सहाव्या मिनिटाला ओक्को थांबत नाही,
फक्त बोलायचं थांबतो.
कुठल्याही आकड्याआधी मला कळतं ते तिथं.

माझा भाऊ एन्सिओ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
शाळेच्या स्की-शर्यतीत तिसऱ्या वळणावर तो बसला
काठ्या आडव्या टाकून,
जणू मागून कुणी यायचं होतं.
मास्तर म्हणाले, दम नाही पोरात.
बाबा म्हणाले, दम धर, होईल सवय.
शब्द दोघांच्याही जिभेवर होता
आणि दोघांनाही ऐकू आला नाही.
रात्री आमच्या खोलीत बारीक शीळ वाजायची.
दाराच्या फटीतून वारा येतोय असं समजून
मी उठून फटीला सतरंजी लावायचे,
आणि ती वाजतच राहायची.

पहिलं मिनिट. पाचवं.
पुन्हा नळी, पुन्हा आईचे तळवे, पुन्हा टक टक.
पडद्यावरची रेघ चढून बसली:
धावण्याआधीपेक्षा बावन्न टक्के जास्त अडसर.
डॉक्टर खालून येईपर्यंत
मी माझी नळी त्याच्याच कानांत घातली,
चकती त्याच्याच पाठीवर.
त्यानं डोळे मोठे केले.
"किटली," तो म्हणाला.
मग जरा वेळानं, "दोन किटल्या."

हेन्रिका अजून गाल धरून उभी होती.
मोजणी संपून दोन मिनिटं झाली होती.
सोडा आता, म्हटलं मी.
म्हणजे खरं होतं, ती म्हणाली,
सासूबाई म्हणतात मी त्याला कापसात वाढवते.
काय बोलायचं मला सुचलं नाही.
मी मुखवट्याची नळी हलवली, पंप दाबला,
दहा श्वास मोजले, तिनंही मोजले माझ्याबरोबर,
सातला आम्ही दोघीही चुकलो.

पंधरा मिनिटांनी रेघ खाली आली,
नुकती झोप लागलेल्या माणसासारखी.
ओक्कोला परत कोल्हा व्हायचं होतं.
माझे गुडघे नाही म्हणाले.

एन्सिओ आता एकसष्ट वर्षांचा.
लाकूडकटाईच्या कारखान्यातून रविवारी फोन करतो.
कुठंही गेला तर आधी बसायची जागा बघतो अजून.
आज बुधवार, तरी मीच केला.
काय झालं, म्हणाला.
काही नाही. धावले आज.
तू? आणि हसला, आणि हसता हसता खोकला,
आणि पंपाची ती फुस्स ऐकू आली.

अहवालात सगळे रकाने भरले.
"छान धावतो" याला रकाना नव्हता,
तो मी हवेच्या पुढं लिहिला.
साडेदहाला पुढचं मूल.
उणे आठ.